रुमालाखालची बोटं आणि हवेतले हात

इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या चित्रफिती पाहताना माझी नजर घोड्यांवर फार वेळ टिकत नाही. ती कडेच्या एका माणसाकडे जाते. गर्दीच्या वर दिसावं म्हणून तो लाकडी खोक्यावर उभा असतो. हातात पांढरे मोजे. तोंडातून शब्द नाही, पण हात क्षणभरही स्वस्थ नाहीत. उजवा हात डाव्या मनगटाला टेकतो, तिथून कानाला लागतो, छातीवर दोन्ही हातांची फुली होते, मग दोन्ही तळवे डोक्यावर जातात. पलीकडच्या आवारात, हाक पोचणार नाही इतक्या अंतरावर, दुसरा एक जण त्याच्याकडे एकटक पाहत असतो. दोघांच्या मध्ये हजारो माणसांचा कल्लोळ. तरी काही क्षणांत पलीकडच्या बुकीचा हात फळ्याकडे जातो, खडूनं लिहिलेला आकडा पुसतो आणि तिथं नवा आकडा येतो.

या माणसांना तिकडे 'टिक-टॅक मेन' म्हणत. त्यांच्या हातवाऱ्यांचं नावही 'टिक-टॅक'. एप्सम, अ‍ॅस्कट, चेल्टनम, एन्ट्री अशा सगळ्या मोठ्या मैदानांवर विसाव्या शतकात ही मंडळी असत, आणि शतक संपता संपता ती जवळजवळ नाहीशी झाली.

त्यांचं काम समजायला मैदानाची रचना समजावी लागते. शर्यतीचं मैदान म्हणजे एकच मोकळी जागा नसते. सभासदांचं वेगळं आवार, त्याच्या कठड्याला लागून उभे राहणारे बडे बुकी, त्याच्या बाजूला 'टॅटरसॉल्स' नावाचं मोठं आवार, आणि आणखी दूर कमी तिकिटाचं 'सिल्व्हर रिंग'. प्रत्येक आवाराचं गिऱ्हाईक वेगळं. कठड्यापाशी मोठ्या रकमा लावणारे येत, आणि तिथल्या बुकींना आपले भाव फळ्यावर लावायला मनाई होती. म्हणजे जिथं सगळ्यात जाणता पैसा लागायचा, तिथला भाव बाकीच्यांना दिसतच नसे. एखाद्या घोड्यावर कठड्यापाशी अचानक मोठी रक्कम लागली, की त्या घोड्याचा भाव तिथं लगेच उतरायचा. सिल्व्हर रिंगमधल्या बुकीला ते कळलं नाही, तर तो बिचारा जुन्याच चढ्या भावानं पैसे घेत राहायचा आणि घोडा जिंकला की बुडायचा. टिक-टॅकवाला उंचावर उभा राहून ही खबर एका आवारातून दुसऱ्या आवारात फेकत असे. त्याच्यामुळेच एक बुकी आपल्या अंगावरचा जादा बोजा दुसऱ्याकडे वळवू शके. बुकी त्याला या कामाचे पैसे देत.

खुणा ठरलेल्या होत्या. दोन्ही हात डोक्यावर ठेवले की भाव नऊ-चार, म्हणजे चार पौंड लावणाऱ्याला जिंकल्यावर नऊ पौंड नफा. हात दुसऱ्या हाताच्या मनगटावर गेला की पाच-चार. कानाला लागला की सहा-चार. दोन्ही मुठी एकमेकींना जोडून उजवा अंगठा उभा केला की दहाला एक. त्या आकारात अंगठा एक होतो आणि मूठ शून्य. हात छातीवर फुलीसारखे आडवे ठेवले की तेहतीसला एक. या तेहतिसाला त्यांच्या बोलीत 'डबल कार्पेट' म्हणत, कारण नुसत्या तिनाला 'कार्पेट'. त्यामागे सांगतात ते असं, की तीन महिन्यांची शिक्षा झालेल्या कैद्याला तुरुंगातल्या मागावर एक गालिचा विणून पुरा करायला तेवढाच वेळ लागे. बाकीचे कित्येक आकडे उलटे वाचून केलेले. 'फोर' उलटा करून 'रूफ', 'सेव्हन' उलटा करून 'नेव्हिस', 'टेन' उलटा करून 'नेट'. हातांच्या खुणा लांबच्यासाठी आणि हे उलटे शब्द जवळच्यासाठी. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काही कळू नये, एवढी काळजी घेतलेली.

त्याहून पुढचीही खबरदारी होती. घोड्यांचे क्रमांक कार्यक्रमपत्रिकेत छापलेले असतात, तेव्हा क्रमांकाची खूण कुणीही ओळखेल. म्हणून काही टिक-टॅकवाले आपल्या गिऱ्हाईक बुकींना वेगळ्या क्रमांकांची पत्रिका देत. छापील पत्रिकेतला तीन नंबरचा घोडा तिथं नऊ नंबरचा असेल. ती पत्रिका ज्याच्या खिशात, त्यालाच त्या दिवशीचे हात वाचता येत. हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, भर उन्हात, पांढरे मोजे घालून ठळक केलेले. किल्ली मात्र मोजक्यांकडे. ही गोष्ट मला फार विचार करायला लावते.

'टिक-टॅक' हा मुळात आवाजाचा शब्द. घड्याळ करतं तो आवाज, कान लावला तर छातीतून ऐकू येतो तो आवाज. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांतही घड्याळ थोड्याफार फरकानं हेच म्हणतं. फेरेरो या इटालियन कंपनीच्या त्या छोट्या पांढऱ्या गोळ्यांचं नावही त्यांच्या डबीच्या आवाजावरूनच पडलं. आपण मराठीत 'टिकटिक' म्हणतो. तिकडच्या लोकांना दुसऱ्या ठोक्याचा स्वर बदललेला ऐकू येतो, आपल्याला दोन्ही ठोके सारखे. घड्याळ सगळीकडे एकच काम करत असतं. जोडी लावणं आणि ठेका धरणं हे आपल्या कानांचं काम.

पण आवाजाचा शब्द मुक्या हातांना कसा चिकटला? मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही. चित्रफीत आवाज बंद करून पाहावी. मनगट-कान, मनगट-कान, डोकं, छाती: हात टप्प्याटप्प्यानं थांबतात, झेपावतात, पुन्हा थांबतात. डोळ्यांनाच ठोके ऐकू यायला लागतात. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीत पुढच्या रांगेत बसून ताल धरणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. टाळी ऐकू येते. खालीला हात नुसता हवेत उलटा पडतो, आवाज काहीच नाही, आणि तरीही अख्ख्या मैफलीला खाली कळलेली असते. टाळी आणि खाली दोन्ही हाताचीच, दोन्ही मोजणीचीच. एक कानासाठी, एक डोळ्यांसाठी. तबल्याचे बोल तोंडानं म्हणायचे, 'धा धिं धिं धा', आणि त्याच वेळी हातानं मोजायचे, हे आपण शेकडो वर्षं करतो आहोत. आवाजाची नक्कल करणारा शब्द आणि हाताची खूण या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच घरात नांदतात.

आपल्याकडे हातांच्या खुणांनी बोलण्याला सुरेख नाव आहे: करपल्लवी. डोळ्यांनी बोलणं ती नेत्रपल्लवी आणि हातांनी बोलणं ती करपल्लवी. आता हा शब्द मराठीत बहुतेक वेळा सैलपणे वापरला जातो, नुसत्या हातवाऱ्यांना. पण करपल्लवी ही एकेकाळी रीतसर बांधलेली पद्धत होती. तिची एक योजना जुन्या दोह्यातून चालत आली आहे. वर्णमालेच्या प्रत्येक वर्गासाठी हाताची एक मुद्रा. स्वरांसाठी सापाचा फणा. 'क' वर्गासाठी कमळ. 'च' वर्गासाठी चक्र. 'ट' वर्गासाठी टंकार, म्हणजे धनुष्याची दोरी ओढल्याची खूण. 'त'साठी तरू. अशीच पुढच्या वर्गांची सोय. वर्ग दाखवल्यावर त्या वर्गातलं कितवं अक्षर हे बोटांनी मोजून सांगायचं. आणि काना, मात्रा, वेलांटी? ती चुटकी वाजवून. अक्षर डोळ्यांनी घ्यायचं आणि मात्रा कानानं ऐकायची.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून हातानं स्वतःचं नाव सांगायला बसलो. वेळ लागला, पण झालं. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्यानं वर्णमालेच्या मांडणीचा अर्थ नीट ओळखला होता. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य असे वर्ग आणि त्यात ठरलेली पाच-पाच अक्षरं, हे हाताच्या पाच बोटांवर बसवण्याजोगंच आहे.

आणि बाजारासाठी नंदभाषा होती. व्यापारी आणि दलाल आपापसात गिऱ्हाइकादेखत बोलायला ती वापरत. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, असे आकडे. रुपयाला भुरका. कापडाच्या दुकानात मालक नोकराला म्हणेल, 'पोकू भुरके सांग', आणि समोर बसलेल्या बाईला वाटेल काहीतरी कापडाची जात बोलताहेत. लंडनच्या बुकीचा 'रूफ' आणि पेठेतल्या दुकानदाराचा 'पोकू', दोन्ही चारच. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. दोघांची गरज मात्र एकच होती: समोरच्या माणसाच्या पैशांविषयी, त्याच्याच समोर, त्याला न कळता बोलायचं.

आता मी ज्या हातांसाठी हे सगळं लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, जमीन हलकी, आणि वैभव काय ते खिलार जनावरांचं. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, चपळ आणि तापट. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. सुगी सरली की आबांबरोबर बाजाराला जाणं हा माझ्या लहानपणीचा मोठा सोहळा. सांगोल्याचा बाजार, खरसुंडीची यात्रा. रस्त्याला लागल्यापासून धुरळा, वैरणीचा वास, गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. दावणी लागलेल्या, शिंगांना रंग दिलेले, पाठीवर झुली टाकलेले बैल.

गिऱ्हाईक आलं की आधी बैलाच्या तोंडाशी जायचं. ओठ वर करून दात पाहायचे. आदत, म्हणजे अजून दुधाचे दात. दुसा, म्हणजे दोन पक्के दात आलेला. चौसा, सहादाती, आणि सगळे दात आलेला तो जुळलेला. मग अंगावरचे भोवरे पाहायचे, कुठला शुभ, कुठला अशुभ. मग खूर, मग शेपटी, मग चार पावलं चालवून पाहायचा. हे सगळं उघड, मोठ्या आवाजात, दहा जणांच्या देखत. प्रत्येकाला आपलं मत असे आणि प्रत्येक जण ते बोलून दाखवी.

पैशाचा विषय निघाला की आवाज थांबायचा. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी-दलाल, खांद्यावरचा टॉवेल काढायचा आणि आबांच्या हातावर टाकायचा. किंवा आबाच धोतराचा सोगा पुढं करायचे. टॉवेलाखाली दोघांचे उजवे हात एकमेकांत जायचे. वरून दिसायची ती फक्त कापडाची हालचाल. तोंडानं जे बोलणं चालायचं त्यात आकडा कुठंच नाही.

"बोला, पाव्हणं."

"हे घ्या."

"न्हाई जमत. जरा वर या."

"वर आलो की."

"ह्यात तर दावणीचा खर्चबी सुटत न्हाई."

"बरं, हे बघा. आता शेवटचं."

आणि आबा हात काढून घ्यायचे, किंवा दोन्ही हात बाहेर येऊन एकमेकांवर आपटायचे. टाळी झाली की सौदा झाला. इसार म्हणून थोडी रक्कम लगेच हातावर ठेवली जायची आणि बैलाचं दावं या हातातून त्या हातात जायचं. आजूबाजूच्या कुणालाही बैल कितीला गेला हे कळलेलं नसायचं. विचारायचंही नाही, अशी रीत होती.

घरी आल्यावर आबांनी मला ती बोटं शिकवली होती. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. पाचाच्या पुढं गेलं की पंजा दाबून मग पुन्हा बोटं धरायची. अर्धं सांगायचं असलं तर बोटाच्या मधल्या पेरावर दाब द्यायचा. हा एक शेकडा की हजार, ते सांगायला वेगळी खूण नव्हती. समोर जनावर उभं आहे, त्याच्याकडे पाहूनच दोघांना ते कळलेलं असायचं. मला हे सगळं पाच मिनिटांत आलं. आबा म्हणाले, "हे काय कुणालाबी येतंय. खरं शिकायचं ते हात कसा धरलाय ते." मग त्यांनी सांगितलेलं मला अजून आठवतं. बोट धरणारा हात सैल असेल तर गडी अजून वर यायला तयार आहे. घट्ट धरून ठेवलं असेल तर तिथं तो अडलाय. आकडा देऊन हात लगेच मागं ओढायला लागला, तर त्याचं मन या जनावरात नाही, तो शेजारच्या दावणीकडं बघतोय. हाताला घाम सुटला तर त्याला बैल पाहिजेच आहे.

फळ्यावर लिहिलेल्या भावात यातलं काही नसतं. टिक-टॅकवाल्याच्या हातवाऱ्यांतही नसतं, कारण त्याचे हात दुरून वाचायचे आणि ते दुसऱ्याच्या पैशांचे. रुमालाखालची बोटं स्वतःच्या पैशांविषयी बोलतात आणि समोरच्याच्या कातडीला लागून बोलतात.

या पद्धतीला धान्याच्या आणि कापसाच्या बाजारात हत्ता म्हणत. तिथं ती जास्त घातक होती, आणि हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो. जनावराच्या बाजारात मालक निदान स्वतः हात देत होता. शेतमालाच्या बाजारात शेतकऱ्याचा माल अडत्यामार्फत जाई. रुमालाखाली हात असत अडत्याचे आणि खरेदीदाराचे. ज्यानं वर्षभर राबून तो माल पिकवला, तो बाजूला उभा राहून कापडाची हालचाल पाहत असे, आणि शेवटी अडत्या त्याला सांगेल तो भाव. अडत्या एकाच वेळी त्याचाही माणूस आणि खरेदीदाराचाही. दोन्ही आकडे एकट्या अडत्याला ठाऊक. त्या दोन आकड्यांमधलं अंतर कुणाच्या खिशात जात असेल हे समजायला फार हुशारी लागत नाही.

सरकारी पातळीवर या गोष्टींकडे लक्ष गेलं ते आधी वेगळ्याच कारणानं. वऱ्हाडातला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता, तो स्वच्छ आणि वाजवी दरात हवा होता. म्हणून १८८६ मध्ये कारंज्याला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगानं देशभर असे नियंत्रित बाजार असावेत अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजाराचा कायदा, मग १९३९ चा शेतमाल बाजाराचा कायदा, आणि राज्य झाल्यावर १९६३ चा. या सगळ्या वाटचालीत एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली: भाव उघड लिलावानंच ठरला पाहिजे. झाकलेल्या हातांचा सौदा नियंत्रित बाजारातून हद्दपार झाला. आज लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती उभे राहून व्यापारी मोठ्यानं बोली बोलतात, शेतकरी ट्रॉलीवर उभा राहून ऐकतो. त्याला मिळणारा भाव पुष्कळदा रडवणारा असतो, ते दुखणं वेगळं आणि मोठं आहे. पण तो भाव त्याच्या कानांवर त्याच वेळी पडतो, दुसऱ्यांच्या कानांवर पडतो त्याच वेळी. हे हक्कानं मिळालेलं आहे आणि ते पुन्हा कधी रुमालाखाली जाऊ नये.

मग जनावरांच्या बाजारात रुमाल इतकी वर्षं का टिकला? हेड्यांच्या सोयीसाठी, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. आबांनाही रुमाल हवा असायचा. बाजारात आमच्या गावचे लोक असत, भावकी असे, ज्याचं देणं आहे तो सावकारही कुठंतरी असे. बैल कितीला गेला हे त्याला तिथंच कळलं, तर संध्याकाळी तो घरी हजर. दुष्काळाच्या वर्षी तर बैल पडेल त्या भावाला विकावे लागत. अशा वर्षी आपल्या पोटच्या पोरासारखा वाढवलेला बैल किती कमी पैशांत दिला, हे चारचौघांत पुकारलं जाणं माणसाला सोसवलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते आबांच्या बाबतीत शब्दशः खरं होतं. रुमालानं त्यांचं नुकसान केलं असेल, पण त्यांची अब्रूही राखली. त्याच कापडाखाली दोन्ही गोष्टी होत होत्या, आणि एक ठेवून दुसरी काढता येत नव्हती.

हीच पद्धत मोत्यांच्या व्यापारात मुंबईतही होती आणि मोती जिथून येत त्या आखाती बंदरांतही. तिथंही कापडाखाली हात, तिथंही बोटं. माल छोटा, किंमत प्रचंड, आणि भोवती बसलेले सगळे जण त्याच धंद्यातले. एका मोत्याचा भाव फुटला की उरलेल्या सगळ्या मोत्यांचा भाव हलतो, म्हणून झाकायचं. तिथं अब्रूचा प्रश्न नव्हता, निव्वळ धंद्याचा होता. त्या हातांविषयी मला कुतूहल वाटतं, जिव्हाळा वाटत नाही.

हातांच्या खुणांमधली आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती मला मनापासून आवडते: क्रिकेटच्या पंचाची. ती सगळ्यांसाठी आहे. मैदानातल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही चौकाराची आणि 'बाय'ची खूण कळते. पण तिच्यातली खरी गोम पुष्कळांना माहीत नसते. खेळाचे नियम सांगतात, की गुणलेखकानं प्रत्येक खुणेला पोच द्यायची आणि ती पोच मिळेपर्यंत पंचानं खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही. खूण केली एवढ्यावर काम संपत नाही; समोरच्यानं ती घेतली हे कळलं पाहिजे. टिक-टॅकवाल्यालाही हे पाळावंच लागे, नाहीतर चुकीच्या भावानं हजारो पौंड लागत. रुमालाखाली तर खूण आणि पोच एकाच दाबात होतात. एका हातानं बोट धरलं, दुसऱ्या हाताला ते कळलं, आणि कळलं हे पहिल्या हाताला त्याच क्षणी कळलं.

या सगळ्या हातांना संपवणारी यंत्रं एकामागून एक आली. मुंबईत दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला आरडाओरडा १९९५ मध्ये पडद्यावरच्या व्यवहारांनी थांबवला. शिकागोच्या वायदेबाजारात तळवा स्वतःकडे वळवला की घ्यायचं आहे आणि समोर वळवला की विकायचं आहे, अशी खुणांची रीत होती. तिथले बहुतेक वायद्यांचे सौदेखड्डे, म्हणजे दलाल जिथं उभे राहून सौदे करत ती खोलगट रिंगणं, २०१५ मध्ये बंद झाले. लंडनच्या धातू बाजारात तेवढं लाल सोफ्यांचं गोल रिंगण अजून शिल्लक आहे, तिथं पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्यांत माणसं अजून समोरासमोर बोली लावतात. इंग्लंडच्या शर्यतींत आधी बिनतारी यंत्रं आली, मग मोबाइल, आणि २०००मध्ये इंटरनेटवरची पैजांची अदलाबदल सुरू झाल्यावर भाव सगळ्यांना एकाच वेळी दिसू लागले. खोक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायचं कुणाला कारणच उरलं नाही. आमच्या बाजारातही आता बैलाचा व्हिडिओ आधी फोनवर येतो, खाली बोलीची रक्कम लिहिलेली असते, आणि माणूस दावणीपाशी येतो तो बहुतेक ठरवूनच.

मला रुमाल परत नको आहे. टिक-टॅकवाल्यांची ती चोरटी पत्रिकाही नको. माहिती काहींना आधी आणि काहींना नंतर मिळावी, हीच त्या दोन्ही व्यवस्थांची कमाई होती, आणि नंतर मिळणारा माणूस नेहमी गरिबातला होता. पण हातांनी कमावलेलं कौशल्य त्या व्यवस्थेबरोबर पुरून टाकावं असं मला वाटत नाही. तळहाताच्या घामावरून समोरच्याची गरज ओळखणं हे माणसाला येत होतं, आणि अगदी साध्या, शाळेत न गेलेल्या माणसाला येत होतं.

इंग्लंडच्या हातांचं एका अर्थी नशीब बरं. ते उघड्यावर होते, त्यामुळे कॅमेऱ्यात आले. जॉन मॅक्रिरिक नावाचा दूरचित्रवाणीवरचा शर्यतींचा भाष्यकार, भल्या मोठ्या कल्ल्यांचा आणि तऱ्हेवाईक टोप्यांचा, वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर त्या खुणा करून दाखवत राहिला. २०१९ मध्ये तो गेला. खुणा चित्रफितींत राहिल्या. आपल्या बाजारांचे फोटोही पुष्कळ आहेत. त्यांत फेटे दिसतात, शिंगं दिसतात, आणि मधोमध एक टॉवेल दिसतो. टॉवेलाखालचं काहीच कुणी टिपलेलं नाही, कारण ते टिपलं जाऊ नये म्हणूनच तर टॉवेल होता.

म्हणून मी आमच्या भागापुरतं एक काम हाती घेतलं आहे. आबांच्या पुढच्या पिढीतले, बाजार केलेले काही जण अजून आहेत. त्यांना दोघादोघांना समोरासमोर बसवायचं, टॉवेल बाजूला ठेवायचा, आणि सावकाश एकेक आकडा धरून दाखवायला सांगायचं. पाचाच्या पुढचं कसं धरता, अर्धं कसं सांगता, नकार बोटांनी देता की हात काढून, हेड्यानं दोघांचे हात आळीपाळीनं धरले तर काय बदलतं. हात जवळून चित्रित करायचे आणि बोलणं जसंच्या तसं ठेवायचं, त्यांच्याच बोलीत. सांगोला, आटपाडी, खरसुंडी एवढं माझ्यानं होईल. चाकणचा बाजार, बेल्ह्याचा, काष्टीचा, घोडेगावचा, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला, इथले हात इथल्याच लोकांना ठाऊक. खुणा बाजारागणिक बदलत असणार. तुमच्या घरात असा एखादा हात असेल, तर या सुगीत त्याच्यासमोर बसा आणि आपला हात पुढं करा.